कमरेची सुरी : लोहाराकडून घेताना काय पाहावे, कशी वापरावी, कायदा काय सांगतो

भंडारा : रोवणीत पऱ्ह्यांच्या जुड्यांची सुतळी तोडणे, खताच्या चुंगडीचा टाका कापणे, धुऱ्यावरची काटेरी फांदी छाटणे, कडुनिंबाची दातून काढणे, बैलाच्या गळ्यात अडकलेला दोर सोडवणे. कास्तकाराला दिवसातून दहादा धारेचे काम पडते. कोकणात शेतकरी कमरेच्या मागे आकडीत कोयता अडकवतो. आपल्याकडे धान कापायला इळा आणि लाकडाला कुऱ्हाड असते. बारीक कामासाठी मात्र कमरेला लहान सुरी बरी पडते. ती गावच्या लोहाराकडून बनवून घेता येते.

लोखंड कोणते?

गाडीच्या जुन्या पाट्याचे पोलाद चांगले. त्यात सुमारे अर्धा टक्का कार्बन असतो, म्हणून ते पाणी धरते आणि धार टिकते. बांधकामाच्या साध्या सळईत कार्बन कमी असतो. तिची सुरी दिसायला चांगली दिसेल, पण धार लवकर मोडते. जुन्या कानसीचे पोलाद कडक असते, धार जबर लागते, पण आपटले तर तुकडा उडतो.

पाणी देणे म्हणजे पाते लालबुंद तापवून एकदम थंड करणे. चुंबक चिकटणे बंद झाले की ताव आला असे समजावे, त्याहून थोडे जास्त तापवून विझवावे. पाट्याचे पोलाद तेलात विझवलेले बरे, पाण्यात कधी कधी तडा जातो. नंतर पाते पुन्हा हलके तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. हे केले नाही तर पाते काचेसारखे तुटते.

घेताना काय पाहावे?

रोजच्या कामाला ४ ते ५ इंचाचे, एका बाजूने धार असलेले पाते पुरते. पात्याचे शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेलेले आणि आरपार खिळे मारलेले असावे. मूठ बाभूळ किंवा तिवसाची चालते. ओल्या हाताने धरून पाहा. हात पात्याकडे घसरत असेल तर मुठीपुढे उंचवटा करून मागा.

म्यान हवेच. चामड्याचे किंवा लाकडाचे असावे, सुरी उलटी केली तरी आपोआप खाली पडू नये. म्यान कमरेच्या बाजूला बांधावे, पोटासमोर नाही. वाकताना आणि पडल्यावर समोरची मूठ पोटात रुततो. मोहाच्या किंवा आंब्याच्या झाडावर चढताना सुरी खालीच ठेवावी.

वापरताना

धार नेहमी अंगापासून दूर चालवावी. मांडीवर ठेवून दोर कापू नये. सुरीने पहारीसारखे उचकटू नये, तिच्यावर हातोडा मारू नये. बांबू फोडायला कोयता किंवा कुऱ्हाडच घ्यावी. शेतात अनोळखी तार दिसली तर सुरी लावू नका. रानडुकरासाठी सोडलेला करंट तारेत असू शकतो. तारेपासून दूर राहून वीज कार्यालयाला कळवा.

धार आणि देखभाल

इंचभर रुंद पात्याची पाठ दगडापासून पाऊण ते एक सेंटिमीटर उचलून, दोन्ही बाजू सारख्या घासाव्या. दगड ओला ठेवावा. ग्राइंडरवर धार निळी पडली की तेवढ्या जागेचे पाणी उतरले समजा. चिंच, लिंबू, कैरी कापल्यावर पाते लगेच पुसावे, नाहीतर गंज धरतो. पात्याला मशीनचे किंवा खोबरेल तेल लावावे. मुठीला जवसाचे तेल चांगले, ते सुकून लाकडात बसते. पावसाळ्यात सुरी ओल्या चामडी म्यानात रात्रभर ठेवू नये.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार फक्त घरकाम किंवा शेतीसाठी बनवलेली वस्तू शस्त्रात मोडत नाही. नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, तिथेही शेतीची अवजारे वगळलेली आहेत. मात्र दुधारी, खंजिरासारखी सुरी शेतीची आहे हे पटवणे कठीण जाईल. सण किंवा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा आदेश लागू असू शकतो. तेव्हा बाजारात, सभेत, मिरवणुकीत सुरी नेऊ नये. शेतातून थेट तालुक्याला जायचे असेल तर ती घरी ठेवूनच निघावे.

जंगलात जास्त जपावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या व्याख्येत चाकूसुद्धा हत्यार आहे. कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. कोका, नागझिरा आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला या अभयारण्यांना हे लागू आहे. मोहफुले, तेंदूपत्ता वेचताना हद्द कुठून सुरू होते हे वनरक्षकाला आधीच विचारून घ्यावे.

कापले तर

स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा, हात वर ठेवा, दाब काढून वारंवार पाहू नका. हळद, चुना, माती लावू नका. रक्त थांबल्यावर साबण-पाण्याने आजूबाजू धुवा. जखम खोल असेल, बोट सुन्न पडले असेल किंवा वळत नसेल तर लगेच दवाखान्यात जा. रक्त थांबतच नसेल तर १०८ ला फोन करा. माती-शेणाची जखम असेल आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन ५ वर्षांहून जास्त झाली असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ते पुन्हा घ्यावे.