डोंगर नव्हे, भेग! लाकी, १७८३

ज्वालामुखीचं चित्र काढा म्हटलं की आपण सगळे तेच काढतो. त्रिकोणी डोंगर, वर भोक, भोकातून लाल रंग. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून फेस काढायचो ना, तसाच. आजच्या गोष्टीत मात्र असा डोंगर नाहीये. आजच्या गोष्टीत जमीन उसवलीय, आणि तीही जवळपास २७ किलोमीटर. लोकलने चर्चगेटहून निघालात तर साधारण गोरेगाव येईपर्यंत.

साल १७८३. इकडे पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई, कारभार नाना फडणवीसांच्या हातात. तिकडे आइसलँडमध्ये ८ जूनचा रविवार, ख्रिस्ती लोकांचा सणाचा दिवस. त्याआधी काही आठवडे जमीन हादरत होतीच. त्या सकाळी उत्तरेकडून काळा ढग आला, राख पडायला लागली आणि लाकी नावाच्या डोंगराजवळची जमीन फाटली. गंमत बघा, नाव झालं लाकीचं, पण लाकी बिचारा भेगेच्या वाटेत उभा होता इतकंच. त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून १०० हून जास्त लहान-मोठी तोंडं एका रांगेत तयार झाली. वरून पाहिलं तर शिवणीचे टाके वाटावेत.

असं रांगेत का? तर आइसलँड बसलंय दोन भूपट्ट्यांच्या सांध्यावर. एक उत्तर अमेरिकेचा, दुसरा युरेशियाचा. दोघं वर्षाला साधारण २ सेंटीमीटर एकमेकांपासून दूर सरकतात, म्हणजे आपली नखं वाढतात जवळपास त्याच वेगाने. आता इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण बहुतेकांचा समज उलटा असतो. खाली पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र उकळत नाहीये. तिथला खडक प्रचंड तापलेला असतो, पण वरच्या वजनाने इतका दाबलेला असतो की वितळू शकत नाही. वरचे पट्टे बाजूला होतात, खालचा खडक वर सरकतो, दाब कमी होतो, आणि नवीन उष्णता न देताही तो थोडा थोडा वितळायला लागतो. सोड्याची बाटली उघडल्यावर दाब सुटतो आणि बुडबुडे येतात, साधारण तसं. फक्त इथे बुडबुड्यांच्या जागी वितळलेला खडक, म्हणजे मॅग्मा.

मग हा मॅग्मा वरच्या ताणलेल्या कवचात घुसतो. भेग असते म्हणून तो वर येतो हे खरं, पण तो स्वतःच्या दाबाने भेग फाडतोसुद्धा. लाकूड फोडताना पाचर ठोकतात ना, ते काम मॅग्मा करतो. ताण आडवा असल्यामुळे फट उभी आणि लांबलचक पडते, आणि मॅग्मा एका पातळ उभ्या पडद्यासारखा पसरतो. हा पडदा आत थिजला की त्याला डाइक म्हणतात. जमिनीपर्यंत पोचला तर लाकी. नोव्हेंबर २०२३ मध्ये आइसलँडच्याच ग्रिंदाविक गावाखाली असा साधारण १५ किलोमीटरचा डाइक काही तासांत घुसला. गाव रात्रीत रिकामं केलं, आणि डिसेंबरमध्ये गावाच्या उत्तरेला जमीन फाटलीच. आज भूकंपमापक आणि जीपीएसमुळे हे आधी कळतं. १७८३ मध्ये कळायची सोय नव्हती.

लाव्हा स्काफ्ता नदीच्या घळीतून खाली आला, शेतं आणि वस्त्या गिळत. क्लौस्तुर गावचे पाद्री योन स्टेनग्रीम्सन हे सगळं टिपून ठेवत होते. २० जुलैला लाव्हा गावाजवळ येऊन ठेपला. लोक चर्चमध्ये जमले, शेवटचीच प्रार्थना समजून. बाहेर येऊन बघतात तर लाव्हा थांबलेला. ‘आगीची प्रार्थना’ म्हणून ती आजही तिथे प्रसिद्ध आहे. योन यांनीच लिहून ठेवलंय की नद्यांचं अडलेलं पाणी त्या लाव्हावर ओसंडलं. माझं मत विचाराल तर थांबायचं कारण त्या पाण्यातच आहे. पण त्या चर्चमध्ये बसलेल्यांना ते पटवायला मी जाणार नाही.

खरा घात लाव्हाने केलाच नाही. तो केला वायूंनी. आठ महिन्यांत सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला. सोबत फ्लोरिन होतं, ते गवतावर बसलं. ते गवत खाऊन मेंढ्यांच्या हाडांना गाठी आल्या, दात बिघडले. देशातल्या जवळपास ८० टक्के मेंढ्या आणि निम्मी गुरं गेली. जिथे शेती जेमतेम, तिथे जनावर गेलं म्हणजे ताटातलं सगळंच गेलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत दर पाच माणसांमागे साधारण एक माणूस उपासमारीने आणि आजाराने दगावला. योन यांची बायकोही त्याच काळात गेली.

या योन यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मदतीचे सरकारी पैसे त्यांच्या हाती सीलबंद पाठवले होते, अधिकाऱ्याकडे पोचवायला. वाटेत उपाशी शेतकरी भेटले. योन यांनी सील फोडलं आणि पैसे वाटून टाकले, लोकांना जनावरं घेता यावीत म्हणून. बक्षीस काय? दंड, आणि जाहीर माफी मागायची शिक्षा.

ते धुकं युरोपभर पसरलं. तेव्हा पॅरिसमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी लिहिलं की हे कोरडं धुकं कदाचित आइसलँडच्या ज्वालामुखीतून आलं असावं. ‘लाकीमुळे फ्रेंच राज्यक्रांती झाली’ असे व्हिडिओ फिरतात, ते जरा जपून बघा. मध्ये सहा वर्षं आहेत आणि कारणं ढीगभर.

आता आपल्याकडे या. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्र असाच भेगांमधून लाव्हा ओतून घडला, लाकीच्या कैक पट मोठ्या प्रमाणावर. थरावर थर बसले, म्हणून सह्याद्री पायऱ्यांसारखा दिसतो. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आलाय. आणि त्या भेगा? धुळे-नंदुरबारकडे गेलात तर सपाट माळावर मैलोन्‌मैल सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडाच्या टेकड्या दिसतील, कुणी भिंत बांधल्यासारख्या. काही ५० किलोमीटरहून लांब आहेत. ते डाइक आहेत, आतच थिजलेला मॅग्मा. आजूबाजूचा खडक झिजला आणि ते उघडे पडले. सॅटेलाइट मॅपवर साक्रीच्या आसपास झूम करून बघा, आणि रेषा सापडल्या तर स्क्रीनशॉट पाठवा.