नीळ : प्रयोगशाळेतली आणि शेतातली

चंपारणचा सत्याग्रह आपण इतिहासाच्या तासाला शिकवतो आणि दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारी संयुगे रसायनशास्त्राच्या तासाला. मध्ये घंटा होते, पुस्तक बदलते, बहुधा शिक्षकही बदलतात. त्यामुळे या दोन्ही धड्यांत एकच पदार्थ दडलेला आहे हे सहसा लक्षात येत नाही. तो पदार्थ म्हणजे नीळ. विद्यापीठातले संशोधन आणि कारखानदाराचे भांडवल एकत्र आले की काय घडू शकते, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. आणि त्याची किंमत कोणी मोजली, हेही याच गोष्टीत आहे.

अठरा वर्षांचा कारखानदार

सुरुवात लंडनमध्ये होते. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी हॉफमन या जर्मन प्राध्यापकाच्या हाताखाली शिकत होता. सुटीत घरच्या प्रयोगशाळेत तो क्विनाइन बनवण्याच्या खटपटीत होता. क्विनाइन हाती लागले नाही. मात्र डांबरातून मिळणाऱ्या ॲनिलिनपासून एक सुंदर जांभळा रंग मिळाला. पर्किनने कॉलेज सोडले आणि वडिलांचे पैसे व भावाची मदत घेऊन १८५७ साली ग्रीनफर्ड येथे कारखाना काढला. कृत्रिम रंगांचा धंदा इथून सुरू झाला.

इंग्लंडकडे कोळसा होता, कापडगिरण्या होत्या, पहिला रंगही त्यांचाच. तरीही पुढच्या पंचवीस वर्षांत हा धंदा जर्मनीकडे गेला. पर्किनने १८७४ साली आपला कारखाना विकून टाकला. असे का झाले?

एक कारण विद्यापीठांत सापडते. लीबिगने गीसन येथे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष प्रयोग करवून रसायनशास्त्र शिकवण्याची पद्धत रुजवली होती. ती इतर जर्मन विद्यापीठांत पसरली आणि तिथून शिकलेले रसायनज्ञ मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. कारखान्यांनी त्यांना नोकऱ्या दिल्या, स्वतःच्या प्रयोगशाळा उभारल्या आणि प्राध्यापकांशी करार केले. हॉफमन स्वतः १८६५ साली जर्मनीला परतला. १८७७ साली सर्व जर्मनीसाठी एकच पेटंट कायदा आला. त्यामुळे संशोधनावर खर्च केलेला पैसा परत मिळण्याची खात्री वाढली.

शोध आणि माल यांच्यामधली सतरा वर्षे

आडोल्फ फॉन बायर याने लहानपणी वाढदिवसाच्या पैशांतून निळीचा खडा विकत घेतला होता असे सांगतात. १८६५ साली बर्लिनमध्ये त्याने निळीच्या रेणूचा अभ्यास हाती घेतला. १८८० साली म्युनिकमध्ये त्याला नीळ प्रयोगशाळेत बनवता आली आणि १८८३ साली त्याने तिची संरचना सांगितली. बीएएसएफ आणि होक्स्ट या दोन कंपन्यांनी त्याच्या पद्धतीचे हक्क १८८० मध्येच घेतले होते.

इथे विद्यार्थ्यांना थांबवून विचारावे : शोध लागला, पेटंट झाले, पैसा तयार आहे, मग नीळ बाजारात कधी आली असेल? बहुतेक जण एक-दोन वर्षे म्हणतील. बीएएसएफची नीळ बाजारात आली १८९७ साली, म्हणजे सतरा वर्षांनी.

चंचुपात्रात चार चिमटी नीळ करणे वेगळे आणि मळ्यातल्या निळीपेक्षा स्वस्त नीळ टनावारी करणे वेगळे. बायरच्या पद्धतींना लागणारा कच्चा माल महाग पडे. त्याची एक पद्धत टोल्युइनपासून सुरू होई. पण साऱ्या जगाला पुरेल इतक्या निळीसाठी डांबरातून मिळणारे टोल्युइन पुरणारे नव्हते. १८९० साली झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेतल्या कार्ल हॉयमनने नवी वाट दाखवली. तिची सुरुवात नॅप्थलीनपासून करता येत होती. नॅप्थलीन म्हणजे कपाटात ठेवायच्या डांबराच्या गोळ्यांतला पदार्थ. तो डांबरात भरपूर असे आणि त्याला गिऱ्हाईक नव्हते.

तरीही अडचणी होत्याच. नॅप्थलीनचे ऑक्सिडीकरण फार हळू होई. एके दिवशी सल्फ्युरिक आम्लाबरोबर ते तापवताना तापमापी फुटली, पारा मिश्रणात पडला आणि क्रिया झपाट्याने होऊ लागली, असा प्रसंग सांगितला जातो. पारा उत्प्रेरकाचे काम करतो हे ध्यानात आले. या कामाला तीव्र सल्फ्युरिक आम्ल प्रचंड प्रमाणात लागे. ते स्वस्तात करण्यासाठी बीएएसएफच्या रुडॉल्फ क्नीच याने स्पर्श पद्धत कारखान्यात चालेल अशी केली. आज पाठ्यपुस्तकात स्वतंत्रपणे येणारी ही पद्धत निळीच्या ओढीनेच वाढली. या साऱ्या कामावर कंपनीने सुमारे १ कोटी ८० लाख सुवर्ण मार्क खर्च केले असे मानले जाते. बायरला १९०५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तीन कठ्ठ्यांची सक्ती

आता बिहारकडे वळू. तिथे नीळ झाडापासून होई. कापलेली झाडे हौदात भिजत घालत. आंबल्यावर ते पाणी दुसऱ्या हौदात सोडून मजूर फळ्यांनी घुसळत. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन निळा साका तळाशी बसे. तो उकळून, दाबून, वड्या कापून वाळवत.

चंपारणात ‘तीनकठिया’ पद्धत होती. वीस कठ्ठ्यांचा एक बिघा. त्यातल्या तीन कठ्ठ्यांत कुळाने गोऱ्या मळेवाल्यासाठी नीळ लावलीच पाहिजे, आणि ती त्याच्याच भावाने दिली पाहिजे. जमीन आणि श्रम अशा सक्तीने स्वस्तात मिळत असताना रसायनज्ञ नेमण्याची निकड मळेवाल्यांना फारशी वाटली नाही. काहीच केले नाही असे नव्हे. घुसळण्यासाठी यंत्रे आली, जावाहून चांगल्या जातीचे बी आणले गेले, रसायनज्ञही नेमले गेले. पण हे शास्त्रीय संशोधन मुख्यतः कृत्रिम निळीची चाहूल लागल्यावरचे. जर्मनीतल्या तीस वर्षांच्या कामाशी त्याची बरोबरी होणे कठीण होते. पहिले महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच भारताची निळीची निर्यात पूर्वीच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली गेली.

निळीला भाव उरला नाही, तर कुळांची सक्तीतून सुटका व्हायला हवी होती. झाले उलटे. ‘निळीतून मोकळे करतो’ म्हणत मळेवाल्यांनी काही ठिकाणी खंड वाढवला. त्याला ‘शरहबेशी’ म्हणत. काही ठिकाणी एकरकमी पैसे घेतले. त्याला ‘तावान’ म्हणत. लुडविग्सहाफेनच्या कारखान्यामुळे मळेवाल्याला झालेला तोटा चंपारणच्या कुळाकडून असा वसूल झाला. १९१४ मध्ये युद्धामुळे जर्मन रंग बंद झाले, भाव चढले आणि निळीची लागवडही पुन्हा काहीशी वाढली.

एप्रिल १९१७ मध्ये गांधीजी चंपारणात आले. हजारो कुळांच्या जबान्या लिहून घेतल्या गेल्या. सरकारने नेमलेल्या समितीत गांधीजीही होते. तावानाचा चौथा हिस्सा परत देण्याचे ठरले, शरहबेशी कमी झाली आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया रद्द झाली.

माटुंग्याचे उत्तर

मळे बसले, पण भारतातल्या कापडगिरण्यांना रंग तर हवाच होता. तो परदेशातून येई. याच गरजेतून १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. माटुंग्याला असलेला हा विभाग ‘यूडीसीटी’ या नावाने ओळखला गेला. आज तो रसायन तंत्रज्ञान संस्था झाला आहे. १९३८ साली के. वेंकटरामन तिथले पहिले भारतीय प्रमुख झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनावरचा त्यांचा ग्रंथ जगभर वापरला गेला. पुढे १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कारखानदार जवळ आणि प्रयोगशाळाही जवळ, अशा वातावरणात यूडीसीटीतून नोकरदारांबरोबर उद्योजकही घडले. आंध्रातल्या हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा, अंजी रेड्डी, इथेच शिकला. त्याने १९८४ साली स्वतःची औषधकंपनी सुरू केली.

विद्यापीठ आणि उद्योग यांनी एकत्र यावे, असे आज सगळेच म्हणतात. निळीचा इतिहास त्याला दोन गोष्टी जोडतो. पहिली, असे एकत्र येणे वर्षा-दोन वर्षांत फळत नाही. त्याला शिकलेली माणसे, पैसा आणि धीर बराच काळ पुरवावा लागतो. दुसरी, कारखान्याच्या हिशेबवहीत नफातोटा दिसतो, पण चंपारणचे कूळ त्या वहीत कुठेच नव्हते. त्याचा हिशेब जबान्या घेऊन वेगळा लिहावा लागला. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचायच्या, तर इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी एखादा तास एकत्र घ्यायला हरकत नाही.