मानेतील रोगाची आगाऊ खूण

तोंडाचा कर्करोग डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो. तथापि त्याने मानेत पाऊल केव्हा टाकले, हे सहसा कळत नाही. मानेतील लसीकाग्रंथी हा त्याच्या प्रवासाचा बहुधा पहिला मुक्काम. तेथे तो पोचला आहे की नाही, हा प्रश्न शल्यवैद्यांना शतकाहून अधिक काळ छळीत आला आहे.

१९०६ साली अमेरिकेतील क्लीव्हलँडचे शल्यवैद्य जॉर्ज क्राइल यांनी १३२ शस्त्रक्रियांच्या आधारे आपली पद्धती मांडली. मानेच्या त्या बाजूच्या ग्रंथी भोवतालच्या भागासह एकसंध काढाव्यात, असा तिचा आशय. या शस्त्रक्रियेच्या रूढ स्वरूपात खांद्याकडे जाणारा मज्जातंतूही कापला जाई; रोगी वाचला तरी हात वर उचलणे त्याला जड जाई.

पुढे ही शस्त्रक्रिया सौम्य झाली. परंतु ज्याच्या मानेत गाठ लागतच नाही, त्याची मान उघडावी काय? या वादाचा निवाडा मुंबईत झाला. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून रुग्णांचे दोन गट करून तुलना केली. ५०० रुग्णांचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. मानेची शस्त्रक्रिया आरंभीच झालेल्यांपैकी तीन वर्षांनी शेकडा ८० हयात होते. गाठ उमटेपर्यंत थांबलेल्यांपैकी शेकडा ६७.५. मात्र आरंभी शस्त्रक्रिया झालेल्यांत सुमारे ३० टक्के रुग्णांच्याच ग्रंथींत रोग आढळला. उरलेल्यांनी शस्त्राचा घाव सोसला, तो केवळ आगाऊ खूण कोणापाशी नव्हती म्हणून.

ती खूण मूळ गाठीतच शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. २००५ साली नेदरलँड्समधील युट्रेक्टच्या संशोधकांनी १०२ जनुकांच्या हालचालींवरून ग्रंथींतील प्रसाराचे भाकीत करून पाहिले. २०१७ साली बॉस्टनमध्ये १८ रुग्णांच्या सुमारे ६,००० पेशी एकेक करून तपासल्या गेल्या. गाठीच्या कडेवरील काही पेशी शेजारच्या पेशींची पकड अर्धवट सोडून निघण्याच्या बेतात असतात, आणि अशा पेशी जेथे अधिक, तेथे प्रसाराचा संभवही अधिक, असे दिसले.

तरीही नित्याच्या व्यवहारात गाठ किती मिलीमीटर खोल गेली, या साध्या मोजणीवरच अधिक भिस्त असते. कारण उघड आहे. खूण चुकली, तर तिची किंमत रोग्याला प्राणाने द्यावी लागेल. क्राइल यांच्यापुढे किती कापावे हा प्रश्न होता. आजच्या संशोधकापुढे कोणाला निर्धास्तपणे कापू नये, हा आहे.