होडी किती बुडते? भाराचा आणि पाण्याचा हिशोब

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघणाऱ्या होडीत प्रवासी एकेक करून बसू लागले, की होडीचा काठ हळूहळू पाण्याजवळ येत जातो. जाणता तांडेल त्या काठाकडे पाहूनच 'आता पुरे' म्हणतो. त्याच्या या नजरेमागे जे शास्त्र आहे, ते सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आर्किमिडीजने मांडले. पाण्याच्या पृष्ठभागापासून नौकेच्या तळाच्या सर्वांत खालच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे नौकेचा 'ड्राफ्ट'. मराठीत त्याला डूब म्हणता येईल. ही डूब दोन गोष्टींवर ठरते. नौकेवर भार किती आहे आणि ती कोणत्या पाण्यात आहे. या दोहोंपैकी कोणाचा प्रभाव किती, हे समजून घेणे मालवणसारख्या किनाऱ्यावर केवळ कुतूहलापुरते मर्यादित राहत नाही. तेथे एकाच फेरीत होडी समुद्रातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाते.

तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम. नौकेचे एकूण वजन तीन टन असेल, तर ती तीन टन पाणी बाजूला सरेपर्यंत खाली जाते आणि मग स्थिरावते. पाणी जितके जड, तितके ते कमी आकारमानात तीन टन भरते. गोड्या पाण्याचे वजन घनमीटरला सुमारे १००० किलो, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १०२५ किलो असते. म्हणजे खारे पाणी अडीच टक्क्यांनी जड आहे. त्यामुळे तीच नौका समुद्रात किंचित वर, तर नदीत किंचित खाली तरंगते.

एका सेंटिमीटरची किंमत

एक साधे उदाहरण घेऊ. आठ मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशी एक होडी आहे. पाण्याच्या रेषेवर तिचा आकार दोन्ही टोकांना निमुळता असल्याने तेथील क्षेत्रफळ सोळाऐवजी सुमारे ११ चौरस मीटर भरेल. ही होडी एक सेंटिमीटर खाली जाण्यासाठी समुद्रात साधारण ११३ किलो भार लागतो. ६५ किलो वजनाचे वीस प्रवासी म्हणजे १३०० किलो. त्यांच्या बसण्याने होडी साडेअकरा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे वीतभराच्या निम्मी, खाली जाईल. प्रत्येक प्रवाशामागे हा हिशोब अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा अधिक पडतो.

आता हीच होडी समुद्रातून पूर्ण गोड्या पाण्यात नेली असे समजू. रिकाम्या होडीचे वजन दोन टन धरल्यास प्रवाशांसह ते ३३०० किलो होते. गोड्या पाण्यात तिला सुमारे ८० लिटर पाणी जास्त सारावे लागेल आणि त्यासाठी ती पाऊण सेंटिमीटर खाली जाईल. दुसऱ्या शब्दांत, खारे पाणी सोडून गोड्या पाण्यात शिरणे म्हणजे होडीत एक धडधाकट प्रवासी जास्त घेणे होय. लहान नौकेच्या बाबतीत पाण्याचा फरक खरा असला तरी थोडा असतो. भाराचा फरक मात्र मोठा असतो.

दोन पाण्यांचा शेजार

खाऱ्या आणि गोड्या पाण्याचा शेजार मालवणला नवा नाही. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. किनाऱ्यावर देवबाग येथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तर उत्तरेकडे कोळंबची आणि कालावलची खाडी आहे. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह क्षीण झाला, की भरतीबरोबर खारे पाणी खाडीत आतवर चढते. पावसाळ्यात नदी फुगली, की खाडीचे पाणी मुखापर्यंत जवळजवळ गोडे होते. त्यातही गोडे पाणी हलके असल्याने वर आणि खारे खाली, असे थर पडतात. म्हणून एकाच खाडीत ज्येष्ठ-आषाढातली डूब आणि चैत्र-वैशाखातली डूब सारखी नसते.

तापमानाचाही परिणाम होतो, पण तो आणखी लहान आहे. समुद्राचे पाणी २० अंशांवरून ३० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, तर त्याचे वजन घनमीटरमागे सुमारे तीन किलोने घटते. गोड्या-खाऱ्या पाण्यातील फरकाच्या तो जेमतेम अष्टमांश आहे.

नौका मोठी झाली की हा अडीच टक्क्यांचा फरक डोळ्यांत भरतो. गोव्यात मांडवी आणि जुवारी या नद्यांतून लोहखनिज वाहणाऱ्या बार्ज मुरगावपर्यंत जातात. पेटीसारख्या आकाराची बार्ज गोड्या पाण्यात तीन मीटर बुडत असेल, तर समुद्रात पोहोचल्यावर ती सुमारे सात सेंटिमीटर वर येते. दहा मीटर डूब असलेल्या मालवाहू जहाजाच्या बाबतीत हा फरक वीस ते पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जातो. नदीच्या बंदरात जहाज नेणाऱ्याला तळाखाली तेवढे पाणी कमी मिळणार, हे आधीच हिशोबात धरावे लागते.

भार कोठे ठेवला?

डूब केवळ किती भारावर नव्हे, तर तो कोठे ठेवला यावरही अवलंबून असते. सारे सामान मागे ठेवले तर होडीचा मागचा भाग अधिक बुडतो आणि नाळ वर उचलली जाते. सरासरी डूब तीच राहते, पण सर्वांत खोल गेलेले टोक आधी वाळूला टेकते. प्रवासी एका बाजूला सरकले तर होडी कलते आणि त्या बाजूचा काठ पाण्याजवळ येतो. त्यातून तळाशी पाणी साचलेले असेल तर धोका वाढतो. ते पाणी भार तर वाढवतेच, शिवाय कलत्या बाजूला धावून होडी आणखी कलवते.

याउलट मुद्दाम ठेवलेला भार नौकेला उपकारकही ठरतो. शिडावर वारा भरला की नौका कलते. तिला सावरण्यासाठी तळाशी जड वस्तू ठेवतात. या भाराला नीरम म्हणतात. माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या शिडाच्या जहाजांना दगड किंवा वाळू भरून घ्यावी लागे, ती याचसाठी. थोडी डूब वाढली तरी चालेल, पण नौका उलटता कामा नये, असा हा व्यवहार होता.

आधुनिक शिडाच्या नौकेत हाच भार तळाखाली लोंबणाऱ्या जड पात्याच्या रूपाने असतो. भारतीय नौदलाची 'तारिणी' ही गोव्यात दिवाड बेटावरील गोदीत बांधलेली नौका याचे उत्तम उदाहरण आहे. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी याच नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. १७ मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सुमारे २३ टन वजनाच्या या नौकेची डूब अडीच मीटरच्या आसपास आहे. पाण्याच्या रेषेवरील क्षेत्रफळ ५५ चौरस मीटर धरले, तर तिला एक सेंटिमीटर खाली नेण्यास साडेपाचशे किलोंहून अधिक भार लागेल. लांबच्या सफरीसाठी एक टन पाणी, इंधन आणि शिधा भरला तरी ती दोन सेंटिमीटरहून कमी खाली जाईल. समुद्रातून मांडवीच्या गोड्या पाण्यात आल्यास फरक जेमतेम एक सेंटिमीटरचा. मात्र तळाखालच्या पात्यामुळे तिला अडीच मीटर पाणी लागते, ते लागतेच. मालवणची होडी जेथे सहज जाते, तेथे ही नौका जाऊ शकणार नाही. अशी पात्याची नौका कलली की पाते तिरके होऊन डूब घटते. म्हणूनच वाळूत रुतलेली नौका सोडवण्यासाठी खलाशी एका काठावर जाऊन तिला मुद्दाम कलवतात.

गुराब आणि गलबत

कमी डुबीचे मोल या किनाऱ्याने तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, ती खडकांनी वेढलेल्या कुरटे बेटावर. सभोवतालच्या खडकांतून वाट काढणे माहीतगार नावाड्याला आणि उथळ तळाच्या नौकेलाच शक्य होते. मराठा आरमारातील गुराब आणि गलबत या नौकांचे वर्णन अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केले आहे. गुराबा लांबीच्या मानाने बऱ्याच रुंद होत्या आणि त्यांना फार थोडे पाणी लागे, असे तो नोंदवतो. रुंद नौकेत तेवढाच भार अधिक क्षेत्रफळावर पसरतो आणि डूब कमी राहते. गलबते तर त्याहून लहान, वल्ह्यांवरही चालणारी होती. मोठ्या युरोपीय जहाजांना न झेपणाऱ्या खाड्यांत ती शिरू शकत.

या सोयीची किंमतही होती. तळाखाली खोल भाग नसलेली नौका आडव्या वाऱ्यात बाजूला सरकते आणि वाऱ्याच्या तोंडाकडे तिला नीट चढता येत नाही. शिवाय खाडीचे मुख खोल असेल तर कमी डूब हे संरक्षण राहत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनची मोठी जहाजे विजयदुर्गाच्या बंदरात शिरली आणि तेथे एकत्र बांधून ठेवलेले आंग्र्यांचे आरमार आगीत भस्मसात झाले.

रेषा आणि काठ

भार किती घ्यावा हे केवळ मालकाच्या मर्जीवर सोडले, तर जीव जातात, हे एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सॅम्युएल प्लिमसोल या संसद सदस्याने ठासून मांडले. त्याच्या प्रयत्नांतून १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या कुशीवर भाररेषा रंगवणे बंधनकारक झाले. आज मोठ्या जहाजांवर एक नव्हे, तर अनेक रेषा असतात. गोड्या पाण्याची रेषा समुद्राच्या रेषेच्या वर असते, कारण तेथे जहाज खाली बसणारच, हे गृहीत धरलेले आहे. उष्ण कटिबंधाची, उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची रेषा वेगळी. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अरबी समुद्रात सप्टेंबर ते मे या काळात उष्ण कटिबंधाची रेषा चालते. जून ते ऑगस्ट या मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत मात्र तीहून खालची रेषा पाळावी लागते, म्हणजे माल कमी घ्यावा लागतो.

लहान होडीवर एवढ्या रेषा नसतात. तेथे प्रवासी संख्येची मर्यादा हीच भाररेषा. डूब वाढली की तळ वाळूला टेकण्याची भीती सर्वांनाच दिसते. पण तितक्याच सेंटिमीटरांनी काठाची पाण्यापासूनची उंची घटलेली असते, हे चटकन लक्षात येत नाही. शांत पाण्यात वीतभर काठ पुरेसा भासतो. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा प्रवाह आणि समुद्राची लाट समोरासमोर आली, की तोच अपुरा पडतो. एकदा लाट आत आली की गणित झपाट्याने बिघडते. आपल्या उदाहरणातील होडीत शंभर लिटर पाणी शिरणे म्हणजे दीड प्रवासी वाढणे, आणि तेही एका जागी स्वस्थ न बसणारे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट बुडून दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा या किनाऱ्यावरील जलपर्यटनाच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला होता.

मालवणच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी दोन मीटरच्या आसपास वरखाली होते. देवबागच्या संगमावर ओहोटीला वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि पावसाळ्यागणिक आपली जागा बदलतात. त्या मानाने गोड्या पाण्याने वाढणारी पाऊण सेंटिमीटर डूब नगण्य वाटेल. मात्र भरती, वाळू आणि पाण्याचा खारेपणा यांपैकी काहीही माणसाच्या हाती नाही. हाती आहे तो भार. तांडेलाने 'आता पुरे' म्हटल्यावर मागे राहिलेल्या प्रवाशाने पुढच्या होडीची वाट पाहणे, हाच या साऱ्या हिशोबाचा व्यवहारातील अर्थ आहे.