कलदार, हुंडी आणि कार्डाचा ‘होल्ड’

मागच्या महिन्यात वडिलांच्या ऑपरेशनसाठी परभणीहून मुंबईला गेलो. हॉटेलवाल्यानं कार्डावर ५००० रुपये ‘होल्ड’ केले. निघताना बिल यूपीआयनं भरलं, पण होल्ड आठ दिवस सुटला नाही. नेमकी औषधांची गरज तेव्हाच!

आपल्या आजोबांनाही मुंबईचा व्यवहार सोपा नव्हता. निजामाच्या राज्यात आपल्याकडं हाली सिक्का, तिकडं इंग्रजांचा कलदार. पुढं ७ हालीला ६ कलदार असा हिशेब झाला. हाली १९५९ साली कायमचा बंद पडला. परमुलखात रोकड नेण्यापेक्षा व्यापारी हुंडी नेत. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे द्यायचे; शहाजोग हुंडीचे पैसे मात्र बाजारात पत असलेल्या सावकारालाच. म्हणजे खातरजमा तेव्हाही होती, ती माणूस करायचा.

१९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचं कार्ड निघालं, तेही जेवणाची बिलं उधारीवर भागवायला. आपल्याकडं सेंट्रल बँकेनं १९८० मध्ये कार्ड काढलं. आता खातरजमा मशीन करतं. होल्डमध्ये पैसे कापले जात नाहीत, पण तेवढी मर्यादा अडकते. बिल दुसरीकडून भरलं, तर हॉटेलनं होल्ड रद्द केल्याचा निरोप बँकेला द्यावा लागतो.

फिटलेल्या हुंडीला जुने लोक ‘खोखा’ म्हणत. राजकारणातला खोका नव्हे बरं! तेव्हा चावी परत देताना काउंटरवरच होल्ड रद्द केल्याची पावती मागा. पत आपली आहे, खोखाही आपणच करून घ्यायचा.