पोटखराब्यातला चित्ता

17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत उतरले आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. त्या दिवसांत सगळ्या वर्तमानपत्रांनी एकच गोष्ट सांगितली. कोरिया संस्थानाच्या महाराजांनी 1947 साली शेवटचे तीन चित्ते मारले, 1952 साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि आता सत्तर वर्षांनी आपण त्या पापाचे प्रायश्चित्त घेत आहोत. गोष्ट खोटी नाही, पण फार सोयीची आहे. तिच्यात खलनायक एक, हत्यार एक, आणि दोन्ही आज हयात नाहीत. म्हणजे वाट मोकळी झाली, आता जनावर आणून सोडायचे तेवढे बाकी! हीच गोष्ट सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीच्या बाजूने, माढा-करमाळा-मोहोळच्या माळावरून वाचली, तर बंदुकीचा भाग फार लहान दिसू लागतो. दख्खनच्या माळावरचा चित्ता दोन गोष्टींनी घालवला: एक त्याला जिवंत पकडण्याचा धंदा आणि दुसरी महसुलाची मोजणी. पहिली संपली. दुसरी अजून चालू आहे, आणि तिच्याकडे न बघता चित्ता परत आणण्याची भाषा करणे मला घाईचे वाटते.

आधी धंद्याचे पाहू. चित्त्याकरवी हरणाची शिकार करण्याचे आपल्याकडचे सर्वांत जुने वर्णन दिल्ली-आग्र्याचे नाही. ते सोलापूरपासून फार दूर नसलेल्या कल्याणीच्या चालुक्य दरबारातले आहे. बाराव्या शतकात सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ते येते. पुढे मोगलांनी हा शौक टोकाला नेला. अकबराच्या पदरी एका वेळी हजार चित्ते होते असे जहांगीर सांगतो. शिकारीची रीत मात्र शतकानुशतके फारशी बदलली नाही. डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीवर बसवायचा आणि गाडी काळविटांच्या कळपाकडे सरळ न हाकता तिरकी-तिरकी न्यायची. गाडी रोज शेतावर जाते-येते, त्यामुळे काळवीट तिला बुजत नाही. माणूस पायी चालत आला तर मात्र केव्हाच पळतो. कळप पुरेसा जवळ आला की टोपी काढायची, पट्टा सोडायचा. काही क्षणांत काय व्हायचे ते होते. जमले नाही तर चित्ता धापा टाकत बसतो, दुसऱ्यांदा लगेच धावत नाही. जमले तर चित्तेवान धावत जातो, काळविटाचा गळा कापतो आणि लाकडी पळीत रक्त धरून चित्त्यापुढे करतो, म्हणजे तो शिकार सोडतो. या सगळ्यातली खरी मेख चित्ता मिळवण्यात होती. पिंजऱ्यात चित्त्याची वीण होत नसे. जहांगीराच्या काळी एकदा चुकून पिल्ले झाली, ती इतकी नवलाची वाटली की त्याने ती नोंदवून ठेवली. आणि पिल्लू पकडून वाढवावे, तर आईपाशी शिकार न शिकलेला चित्ता कामाचा नाही, असे शिकारी मानत. म्हणून माळावरचा पूर्ण वाढलेला चित्ताच हवा. ज्या झाडाखाली तो खूण करायला वारंवार येई त्याच्याभोवती फासे लावून तो जिवंत धरला जाई. म्हणजे हा धंदा नेमका विणीच्या वयाचा चित्ता उचलत होता, आणि तोही पिढ्यान्‌पिढ्या.

धंद्याने साठा कुठवर आटवला याचा पुरावा कोल्हापुरात आहे. शाहू महाराजांच्या आणि नंतर राजाराम महाराजांच्या काळात कोल्हापूरची चित्त्याची शिकार देशभर नावाजलेली होती, पण विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तिथल्या चित्तेखान्याला आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागत. चित्त्यांवर जीव टाकणारे, त्यांना हाताळण्यात तरबेज माणसे बाळगणारे हे संस्थान. त्याला दख्खनचा चित्ता मिळाला असता तर समुद्रापलीकडून आणवायची हौस कोणाला होती? कोरियाच्या बंदुकीआधी निदान एक पिढी इथला माळ चित्त्यापुरता रिकामा झाला होता. आजचा आफ्रिकी चित्ता ‘परका’ आहे, ही उपजात आपली नव्हेच, असा एक आक्षेप कुनोच्या निमित्ताने घेतला जातो. दोन्ही उपजातींना वेगळे होऊन हजारो वर्षे झाली हे खरे, आणि आशियाई चित्ता आता फक्त इराणात, तोही मूठभर उरला आहे. पण काळवीट मारण्यापुरता आफ्रिकी चित्ता कोल्हापूरच्या माळावर चालला होता. या आक्षेपात मला फारसा दम दिसत नाही. अडचण जनावराच्या रक्तात नाही, जमिनीत आहे.

कंपनी सरकारने दख्खनमधली नवी पैमाश 1830 च्या दशकात शेजारच्या इंदापूर तालुक्यापासून सुरू केली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांच्या त्या पद्धतीचा हेतू उघड होता: दर कमी करायचा, सर्व्हे नंबर पाडायचे, आणि पडलेली जमीन नांगराखाली आणायची. जमिनीची प्रत आण्यांत मोजली गेली. ज्यात पीक येत नाही तो भाग पोटखराबा ठरला, गुरांसाठी ठेवलेला तो गायरान. गवताला स्वतःचा रकाना कुठेच नव्हता. माळ म्हणजे अजून शेत न झालेली जमीन, ही समजूत तेव्हापासून कागदावर बसली ती आजतागायत उठलेली नाही. मग रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची लाइन 1859 मध्ये कुर्डुवाडीपर्यंत पोचली आणि स्टेशनला नाव पडले बार्शी रोड. 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे या जंक्शनवरून अडीच फुटी रुळांवर बार्शीला धावू लागली. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पसरली. कुर्डुवाडी गाव म्हणून वाढले ते या रुळांमुळे. माळावरचे धान्य, कापूस, गळित बाजारात नेणे एकदा सोपे झाले की हलक्या जमिनीतही नांगर घालणे परवडते, त्यासाठी कोणी वेगळा हुकूम काढावा लागत नाही. ज्यांना गवतातली एकेक खूण वाचता येई त्या फासेपारध्यांना याच राजवटीने गुन्हेगार जमात ठरवले आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड हजेरी द्यायला लावली. तो कायदा रद्द झाला 1952 मध्ये. चित्त्याच्या नामशेषाची घोषणाही त्याच वर्षीची. पुढचा घाव उजनीचा. 1980 मध्ये भीमेवरचे ते धरण पुरे झाले, कालवे आले, सीना-माढा उपसा सिंचन आले, आणि ज्या जमिनीत बाजरीही रडतखडत यायची तिथे ऊस आणि डाळिंब उभे राहिले.

यावर पहिला प्रतिवाद असा की शिकार बंद झाली, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, काळवीट पुन्हा वाढला. मग चित्त्याला आणखी काय हवे? काळवीट वाढला हे खरेच. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्यात तो टिकला, सोलापूर जिल्ह्यात रात्री ज्वारीत घुसून शेतकऱ्याच्या शिव्याही खातो. पण रेहेकुरीचे क्षेत्र 2.17 चौरस किलोमीटर आहे. नामिबियात एकेका चित्त्याचा वावर शेकडो, कधी हजाराहून जास्त चौरस किलोमीटरचा भरतो. कुनो राष्ट्रीय उद्यान साडेसातशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तिथून बाहेर पडलेल्या चित्त्यांना गावोगाव हुडकून परत आणावे लागले. भक्ष्य आहे आणि धावायला जागा नाही, ही स्थिती ज्वारीच्या रानातल्या काळविटाला सोसते, चित्त्याला नाही.

दुसरा प्रतिवाद जास्त वजनदार आहे आणि तो प्रामाणिक माणसे करतात. वाघामुळे जंगले वाचली. चित्ता आला की माळाला तसाच वाली मिळेल, पोटखराब्याला प्रतिष्ठा येईल. हा युक्तिवाद मला पटला असता, पण याच मातीत तो प्रयोग करून झालेला आहे. प्राणी मात्र वेगळा होता: माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक दिसू लागले, अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली राखलेल्या गवताच्या तुकड्यांवर ते विणू लागले, आणि 1979 मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतले तब्बल 8,496 चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यात माढा आणि करमाळाही होते. यातला बहुतेक भाग खासगी शेती, गावे, रस्ते. गवत होते ते मोजक्या तुकड्यांत. नियम मात्र सरसकट सगळ्याला. जमिनीचे व्यवहार अडकले, उद्योग अडकले, आणि माळढोक हा पक्षी न पाहिलेल्या शेतकऱ्यालाही तो वैरी वाटू लागला. शेवटी अभयारण्य 1,222 चौरस किलोमीटरवर आले. तोवर पक्षी मूठभरच उरले होते. आता एखाददुसरी मादी दिसली तरी बातमी होते. दरम्यान वनखात्याने माळावर ‘हिरवळ’ वाढवायला ग्लिरिसिडिया लावला होता, उघड्या गवताच्या पक्ष्याला तोही बाधला. तात्पर्य सरळ आहे: मानाचा प्राणी नकाशावर रेघ ओढून देतो, त्या रेघेच्या आतली जमीन राखण्याची हमी देत नाही.

कोणी म्हणेल, चित्ता सोडा, मोठी मांजरे तर सोलापुरात आलीच की. आली, आणि कोणी न आणता आली. उसाने बिबट्याला बारमाही आडोसा दिला. डिसेंबर 2020 मध्ये करमाळा तालुक्यात एका नरभक्षक बिबट्याला गोळी घालावी लागली. बीड-नगरकडून माणसे मारत तो इकडे आला होता. डिसेंबर 2024 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला वाघ साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात पोचला. जेमतेम 22 चौरस किलोमीटरचे ते रान. वाघ तिथून बार्शी तालुक्यातही गुरे मारू लागला. त्याला बेशुद्ध करून सह्याद्रीत हलवायला पथके आली, पण वाघ महिनोन्‌महिने हाती लागला नाही. ही दोन्ही जनावरे आडोशाची आहेत, ऊस आणि ओढेनाले त्यांना पुरतात. उघड्या माळाचा शिकारी म्हणून चित्त्याची जी जागा होती ती त्यांनी भरलेली नाही. जनावर हलवण्याला माझा सरसकट विरोधही नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबातली वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणली ती योग्यच. चांदोली-कोयनेत जंगल राखलेले आहे, नर वाघ आपापले येऊन राहिले होते, कमी होती ती मादीची. तिथे क्रम बरोबर होता.

माढ्यात तो क्रम लावायचा तर ऊस उपटा असे कोणी म्हणू नये. 1972 चा दुष्काळ सोसलेल्या तालुक्याला पाणी नको म्हणण्याचा अधिकार पुण्या-मुंबईत बसून कुणालाच नाही. पण उरलेले गायरान आज सौर प्रकल्पांना जात आहे, पोटखराबा लागवडीखाली आणून सातबाऱ्यावर तशी नोंद करून घेण्याची सोय झाली आहे, आणि ज्या खडकाळ तुकड्यांवर काहीच होत नाही तिथे झाडे लावण्याची उद्दिष्टे आहेत. हे तुकडे गवत म्हणून नोंदवून तसेच ठेवणे चित्त्याच्या विमानखर्चापेक्षा स्वस्त आहे. त्यांवर उघड्या माळाचा एक शिकारी आजही जगतो आहे, लांडगा. त्याच्यासाठी कोणी समारंभ करत नाही. तो धनगरांच्या मेंढ्या मारतो, उद्या चित्ता आला तर त्याचेही पहिले भांडण याच कळपांशी होईल. मेंढी मारली गेली की 48 तासांत वनखात्याला कळवायचे, मग पंचनामा, मग भरपाई, असा नियम आहे. वाड्यावर फिरणाऱ्या मेंढपाळाचा तळ तोवर पुढच्या गावाला हललेला असतो, आणि पुष्कळदा तो कळवायच्या भानगडीतच पडत नाही.