गंधनाशाची चिकित्सा : नस्यापासून सुईपर्यंत

गोदावरीच्या खोऱ्यातील पाथरीचा प्रदेश यादवकाळी देवगिरीच्या राज्यात मोडत असे. त्या राज्याचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने तेराव्या शतकात वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका रचली. तत्कालीन पंडितांना परिचित असलेली नासारोगांची चिकित्सा या परंपरेत पाहावयास मिळते. गंध व रस न कळणे हे सुश्रुताने अपीनसाचे एक लक्षण मानले आहे. वाग्भटाने सूत्रस्थानाच्या २० व्या अध्यायात नस्यविधी सांगितला असून, नासिका हे मस्तकाचे द्वार होय, ही त्यामागील उपपत्ती आहे. तथापि नव्या पीनसाने पीडित रोग्यास नस्य देऊ नये, असा निषेधही तेथेच आढळतो. रोगाची अवस्था पाहूनच उपाय योजावा, हा विवेक त्यातून व्यक्त होतो.

विसाव्या शतकात नासाद्वाराची जागा सुईने घेतली. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गंधज्ञान गमावलेल्या ५६ रोग्यांना जीवनसत्त्व ‘अ’ची इंजेक्शने स्नायूत देण्यात आली आणि त्यांपैकी ५० जणांना कमी-अधिक गुण आल्याचे नमूद झाले. परंतु औषध न दिलेल्या रोग्यांचा तुलनात्मक गट तेथे नव्हता. सर्दीपडशामुळे गेलेला वास पुष्कळदा आपोआप परततो. म्हणून एवढ्यावरून औषधाचे श्रेय ठरविता येत नाही. पुढे २०१२ मध्ये जर्मनीत हेच जीवनसत्त्व मुखावाटे देऊन तुलनात्मक परीक्षा झाली, तेव्हा लाभ आढळला नाही.

२०२० च्या कोविड साथीने गंधनाश हा घरोघरचा अनुभव झाला. गंधग्राही चेतापेशी आयुष्यभर नव्याने निर्माण होत असतात. त्यांच्या वाढीस चालना द्यावी, या विचाराने रोग्याच्याच रक्तातून प्लेटलेटांनी समृद्ध असा द्रव वेगळा करून तो नाकातील गंधग्राही भागात टोचण्याचा उपाय पुढे आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील परीक्षेत सहा ते बारा महिने गंधहीन असलेल्या रोग्यांनाच घेतले होते. परीक्षा पूर्ण केलेल्या २६ जणांत हा द्रव मिळालेल्या १४ पैकी ८ जणांची चाचणीतील गंधक्षमता लक्षणीय सुधारली. सलाईन टोचलेल्या १२ पैकी एकाचीच सुधारली. मात्र रोग्यांनी स्वतः दिलेल्या गुणांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

या इतिहासाचे महत्त्व केवळ पुराणवस्तुसंग्रहाचे नाही. करपणारे दूध वा गळणारा गॅस ज्यास कळत नाही, त्या माणसास कोणतेही आश्वासन मोहक वाटणे स्वाभाविक आहे. आणि पाथरीसारख्या तालुक्याच्या गावातून शहरी दवाखान्याच्या फेऱ्या करणे खर्चाचेही असते. अशा रोग्यास सुई सुचविणाऱ्याने दोन प्रश्नांची उत्तरे द्यावयास हवीत : वास जाऊन किती काळ लोटला, आणि उपचाराविना किती जण बरे झाले असते. पहिल्या प्रश्नाची जाण वाग्भटाच्या निषेधात दिसते; दुसऱ्याचे उत्तर मिळविण्याची रीत आधुनिक परीक्षापद्धतीने दिली. २६ जणांच्या अनुभवावरून आशा धरता येते, निर्णय देता येत नाही.